कारहुणवीला सोडलेले बैल

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेते काढली. त्यातल्या बहुतेकांचे तपशील आता कागदांबरोबर कसरीने खाल्ले. पण रक्ताचा थेंबही न सांडलेले एक प्रकरण आजही जसेच्या तसे आठवते, आणि आठवले की समोरचे ताट गोड लागत नाही. त्या प्रकरणातले आरोपी कोण ते कोर्टाच्या कागदावर लिहिलेले आहे. मी त्या यादीत आणखी एक नाव धरतो, ते माझे. बाकी कोणाचे नाव इथे घेणार नाही. ती माणसे आज नसतीलही, पण त्यांची नातवंडे त्याच गावांत नांदत आहेत.

पोलीस ॲक्शनला तीनेक वर्षे झाली होती. हैदराबाद राज्य अजून उभे होते. बीदर जिल्ह्यात, मंठाळच्या बाजूला एका मोठ्या गावात माझे ठाणे होते. मी अठ्ठावीस वर्षांचा, उदगीरकडचा, अंगावरची वर्दी नवी. फौजदाराला लोक जुन्या सवयीने 'अमीनसाब'च म्हणत. ठाण्यात एक जमादार, सहा जवान, एक म्हातारा घोडा आणि पावसाळ्यात तीन ठिकाणी गळणारी कचेरी. जमादार निजामी अमदानीतला मुसलमान गृहस्थ होता. रोजनामचा तो उर्दूत लिहायचा आणि मी खाली मराठीत सही करायचो. त्याने माझ्यासारखे नवशिके सात-आठ तरी घडवले होते, पण तसे त्याने कधी जाणवू दिले नाही.

गावात एक सुतार होता. पन्नाशीचा, हाडापेराने मोठा, बोलायला कमी. त्याला सगळे सुतारअप्पा म्हणत आणि त्याच्या बायकोला अक्का. मूलबाळ नव्हते. गाडी घडवण्यात त्याचा हात असा, की उमरग्यापासून आळंदपर्यंतचे लोक त्याच्या दारात बाभळीचे ओंडके आणून टाकत. त्याच गावात एक गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, राहत असे. लेव्हीची, म्हणजे सरकारने शेतकऱ्यांकडून सक्तीने घेतलेली, ज्वारी गोदामातून गोदामात वाहून नेण्याचा सरकारी गुत्ता त्याच्याकडे होता. त्यासाठी त्याने सुतारअप्पाकडून सहा गाड्या करून घेतल्या. लाकूड सुतारअप्पाचे, चाकांवर चढवायच्या लोखंडी धावाही त्यानेच उधारीवर आणलेल्या. बाराशे रुपये हाली, म्हणजे निजामी चलनात, ठरले होते. कागद नव्हता, शब्द होता.

गाड्या गेल्या, ज्वारी वाहू लागल्या, पैसे काही आले नाहीत. दोन दिवाळ्या वाट पाहून सुतारअप्पाने तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. लोहाराने साक्ष दिली, गाड्या साऱ्या गावाने पाहिलेल्या होत्या, दावा तो जिंकला. डिक्री उर्दूत होती. ती त्याने टिनाच्या नळकांड्यात घालून घरी आणली आणि आळीत गूळ वाटला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. चढून जिंकलेल्याचे पुढे काय होते, ते मात्र कोणी सांगत नाही. डिक्री मिळाली म्हणजे पैसे मिळाले, असे त्या भल्या माणसाला वाटले होते.

पैशाची घाई का होती, तेही सांगितले पाहिजे. त्याचा डावा डोळा आधीच गेलेला होता आणि उजव्यालाही काचबिंदू होता. सोलापूरच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितले होते, की दिवाळीच्या आत शस्त्रक्रिया झाली तर हा डोळा राहील, नाहीतर राहणार नाही, आणि एकदा गेलेली नजर परत येत नाही. शस्त्रक्रिया, महिनाभर तिथे राहणे, औषधे, सगळे मिळून तीनेकशे रुपये लागणार होते. घरी रोजची ज्वारी उधारीवर येत होती.

मग सुरू झाली डिक्रीची बजावणी. कोर्टाचा बेलिफ गुत्तेदाराच्या दारात दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा पायावर पाणी, बसायला घोंगडी, वर वेलदोड्याचा चहा. "देणं हाय, मी कुठं न्हाई म्हणायलोय?" असे गुत्तेदार हात जोडून म्हणायचा. पण घर बायकोच्या नावावर, जमीन भावाच्या नावावर आणि गाड्या कुठे आहेत ते त्याच्या मुकादमाला माहीत! दारात आलेल्याशी भांडणारा, अंगावर धावून येणारा ऋणको मी नंतर पुष्कळ पाहिला. तो आज ना उद्या देतो. चहा पाजणाऱ्याकडून मात्र चहाखेरीज काही सुटत नाही.

तिसऱ्या वेळी कोर्टाने पोलिसांची मदत मागितली, आणि मी या प्रकरणात शिरलो. आम्ही घरी गेलोच नाही. भर दुपारी गोदामाच्या रस्त्यावर गुत्तेदाराच्या दोन गाड्या अडवल्या, सुतारअप्पाने घडवलेल्या सहांपैकीच. दोन्हींना देवणी बैलांच्या जोड्या होत्या, पाहत राहाव्यात अशा. बेलिफाने जागेवर पंचनामा केला आणि गाड्या-बैल जप्त केले. लिलावात सगळी डिक्री नसली, तरी बरीचशी फिटली असती. आता हा माल लिलावापर्यंत ठेवायचा कुठे? गावात गुत्तेदाराचा माल सांभाळायला कोणी पुढे येईना. शेवटी मीच म्हणालो, ठाण्याच्या आवारात राहू द्या. सुपुर्दनाम्यावर माझी सही झाली. म्हणजे ते चार बैल आणि त्या दोन गाड्या कोर्टाच्या वतीने माझ्या ताब्यात आल्या.

सुतारअप्पा रोज सकाळी ठाण्यात यायचा. चाकांवरून हात फिरवायचा, बैलांना दोन पेंढ्या कडबा टाकायचा आणि जायचा. लिलावाची तारीख कारहुणवीनंतर आठ दिवसांनी होती.

कारहुणवी म्हणजे ज्येष्ठातली बैलांची पौर्णिमा. आमच्या सीमेवरच्या गावांत पोळ्यापेक्षा तिचा थाट मोठा. त्या दिवशी गावच्या वेशीत कडुलिंबाच्या डहाळ्या बांधलेला दोर आडवा ताणतात. त्याला कर म्हणतात. मानाच्या घरचा बैल पळत येऊन ती तोडतो आणि मग बाकीचे बैल गावात शिरतात. कर नीट तुटली नाही तर पाऊस तुटतो, अशी लोकांची समजूत. या गावात तो मान गुत्तेदाराच्या घराण्याचा होता, आणि मानाचे बैल माझ्या आवारात दावणीला होते.

सणाच्या आदल्या दिवशी पोलीस पाटील पाच म्हाताऱ्यांना घेऊन ठाण्यात आला. गुत्तेदार त्यांच्यात नव्हता, तो सोलापूरला गेला होता.

"अमीनसाब, एक दिसाचा सवाल हाय," पाटील म्हणाला. "जप्ती हाय, कबूल हाय. पर कर कुनी तोडायची? अन् निवदाला गाड्या बी त्याच घरच्या लागत्यात. सांजच्याला गाड्यासकट बैल आणून बांधतो. आमी समदे जामीन."

दुसऱ्या घरचे बैल घ्या म्हणालो, तर सगळ्यांनी कानाला हात लावले. मी सुतारअप्पाला बोलावणे पाठवले. माल माझ्या ताब्यात असला तरी हक्क त्याचा होता. तो आला, मागोमाग अक्काही आली. पाटलाने पुन्हा सगळे सांगितले.

"सोडा साहेब," सुतारअप्पा म्हणाला. "माझ्या पैशापायी गावची कर अडायला नगं. उद्या पाऊस न्हाई आला तर लोक मलाच बोल लावतील. अन् मी बी गावातलाच हाय की."

अक्का दाराशी उभी होती. ती पदर खोचून पुढे झाली.

"कामून सोडायलाव? शब्दावर गाड्या दिल्या, त्या गेल्या. तीन साल कोर्टात गेली. आता हाताला लागलंय, तर पुन्हा शब्दावरच सोडायलाव व्हय?"

"अक्का, ह्यावेळी शब्द गुत्तेदाराचा न्हाई," पाटील म्हणाला. "गावाचा हाय."

"गाव तवा बी हुतं," अक्का म्हणाली.

सुतारअप्पा हसला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "अगं, साहेबांचा शब्द हाय. साहेब हायत की हितं."

जमादार माझ्या कानाशी वाकला. "साब, लिखा-पढी कर लो. छे आदमियाँ का मुचलका. दस मिनट का काम है."

मुचलका म्हणजे हमीचा कागद: बैल परत आले नाहीत तर सहा जणांनी त्यांची किंमत भरायची. त्या सहा जणांकडे जमिनी होत्या, वाडे होते. कागद झाला असता तर सुतारअप्पाचा पैसा बुडण्याची भीतीच नव्हती. मला ते समजत नव्हते असे नाही. पण समोर पांढऱ्या मिशांचे, फेटे बांधलेले म्हातारे उभे होते, उद्या सण होता, आणि त्यांना अंगठे उठवायला सांगायची मला लाज वाटली. आपण गावात नवे आहोत, लोक म्हणतील अमीनसाबाचा गावावर विश्वास नाही! मी जमादाराला हातानेच थांबवले. रोजनामच्यातही काही लिहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतारअप्पाने स्वतः चाकांना वंगण घातले. बैलांच्या शिंगांना हिंगूळ लागला, पाठीवर झुली चढल्या. दुपार कलता मी वेशीपाशी उभा होतो. डफ-हलगीच्या कल्लोळात गुत्तेदाराचा पांढरा बैल उधळत आला आणि एका झेपेत कर तोडून गेला. लोकांनी आरोळी ठोकली. खोटे कशाला बोलू, मीही टाळ्या वाजवल्या. मग जोड्या सजवलेल्या गाड्यांना जुंपल्या आणि नैवेद्याच्या ताटांसह बायकामुले मारुतीच्या देवळाकडे निघाली. मी ठाण्यात येऊन पुरणपोळी खाल्ली.

दिवेलागणीला बैल आले नाहीत. पाटील धावत आला, त्याच्या तोंडचे पाणी पळालेले. देवळापाशी बायकांना उतरवून गाड्या माळाकडे वळल्या होत्या, त्या तशाच निघून गेल्या. आम्ही रस्ते धुंडाळले, पण सणाच्या दिवशी दहा गावच्या गाड्या रस्त्यावर. कोणत्या चाकोरीमागे जायचे? 'बैल गेला नि झोपा केला' ही म्हण मी शाळेत शिकलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या आवाराच्या फाटकाला मी नवे कुलूप लावले आणि ती म्हण अक्षरशः जगलो.

तिसऱ्या दिवशी गुत्तेदार सोलापूरहून परतला आणि थेट ठाण्यात आला. हातात अर्ज होता. "अमीनसाब, माझी जनावरं सरकारी ताब्यातनं गेली. माझं नुकसान कोन भरून देनार?" असे तो अत्यंत अदबीने म्हणाला. त्या अर्जाची पोच मला द्यावी लागली. जाताना आपल्याकडे चहाला यायचे आमंत्रणही देऊन गेला.

सुतारअप्पा मात्र तीन दिवस आलाच नाही. चौथ्या दिवशी मीच त्याच्या घरी गेलो. खिशात पन्नास रुपये घातले होते. माझा पगार बेताचा होता आणि घरी बहिणीच्या शिक्षणाला पैसे जात. पैसे काढून खाली ठेवले. त्याने हाताने चाचपून ते माझ्याकडे सरकवले.

"तुमच्या पगारातनं माझे डोळे कामून करायलाव साहेब? मी भीक न्हाई मागायलो. माझं कमावलेलं हाय, तेच द्या."

मी आणखी आग्रह केला नाही. पैसे खिशात घालताना मला मनातून थोडे सुटल्यासारखेही वाटले. हे आजवर कोणाला सांगितले नव्हते. अक्का चुलीपाशी होती. ती माझ्याकडे वळून पाहायलाही तयार नव्हती.

सुगावा लागला तो आषाढात, आठवडी बाजाराच्या दिवशी. कोर्टात साक्ष दिलेला लोहार बकरी हरवल्याची तक्रार द्यायला म्हणून आला. त्याच्याकडे बकरी नव्हतीच. जवान बाहेर गेल्यावर तो हळूच म्हणाला, "मादन हिप्परग्याला पावण्याकडं गेल्तो. तितं एका वाड्याच्या मागं दोन गाड्या हायत, नवा रंग दिलेल्या. आता तुमीच सांगा, आषाढात गाडीला रंग कोन देतंय? वाळंल तरी का?"

बरोबर होते. लोक गाडी रंगवतात ती जत्रेआधी, उन्हाळ्यात. मादन हिप्परगा आळंद तालुक्यात, म्हणजे गुलबर्गा जिल्ह्यात, आणि तिथे गुत्तेदाराचा मेहुणा राहत होता. पण नुसत्या रंगावर दुसऱ्या जिल्ह्यात झडती घेता येत नाही. त्यासाठी आतल्या माणसाचा जबाब हवा होता.

सणाच्या दिवशी पुढची गाडी हाकणारा गाडीवान आम्ही आधीच विचारून सोडला होता. 'बैल बुजले, मी पडलो' एवढेच तो घोकत होता. आता त्याला पुन्हा आणले. आमच्या खात्यात विचारपूस म्हणजे काय असते ते लोकांना ठाऊक आहे. जमादाराने मला ती करू दिली नाही. त्याने गाडीवानाला दिवसभर आवारात, जिथे ते बैल बांधलेले असत तिथेच, रिकाम्या गव्हाणीपाशी बसवून ठेवले. भाकरी दिली, पाणी दिले, विचारले काहीच नाही. उन्हे उतरल्यावर मी त्याच्याजवळ जाऊन बसलो.

"तो पांढरा बैल," मी म्हणालो, "इथे होता तेव्हा जवानाच्या हातचं पाणी पीत नव्हता. आता कोण पाजत असेल रे त्याला?"

तो खाली मान घालून बसला होता. बघता बघता त्याचे खांदे हलायला लागले.

"माज्याबिगर कुनाला हात लावू देत न्हाई त्यो," तो हुंदके देत म्हणाला. "वासरू हुता तवापास्नं मी वाडवलाय सायब. मला म्हन्ले, आट दिसानं मागारी आनू. अन् अक्कलकोटच्या बाजारात इकून टाकले. मला सांगितलं बी न्हाई."

त्याने सगळे सांगितले. गुत्तेदाराच्या मुकादमाने आदल्या दिवशीच बेत पढवला होता. गाड्या मेहुण्याकडे लपवल्या, बैल सरहद्द ओलांडून मुंबई राज्यात नेऊन विकले. माणसाला मारून जे निघत नाही, ते त्याच्या जनावराची आठवण काढली की निघते, हे मी त्या दिवशी शिकलो. पण त्याच्या अश्रूंचा असा उपयोग करताना मला बरे वाटले नव्हते, हेही लिहून ठेवतो.

आळंदच्या पोलिसांना बरोबर घेऊन आम्ही हिप्परग्याला गेलो. वाड्यामागे एकूण नऊ गाड्या होत्या, सगळ्या एकाच निळ्या रंगाच्या. आम्ही येणार याचा वास लागल्यामुळे मेहुण्याने आपल्या जुन्या गाड्यांनाही रंग फासला होता. वर त्याने स्टँप कागद काढून दाखवला. सगळ्या गाड्या आपल्याच, दोन वर्षांपूर्वी विकत घेतलेल्या. नवांतून दोन ओळखायच्या कशा?

सुतारअप्पा आमच्याबरोबर होता. अक्का त्याचा हात धरून आली होती, कारण एव्हाना त्याला माणूस दिसे तो सावलीसारखा. पंचांसमोर मी त्याला विचारले, "अप्पा, ओळखता येतील?"

"रंगाचं काय घेऊन बसलाव," तो म्हणाला.

तो पहिल्या गाडीपाशी गेला. चाकाच्या मधोमध जो जाड तुंबा असतो, त्याच्या आतल्या अंगाला, कण्याजवळ, त्याने हात घातला. तिथे नेहमी वंगण साचलेले असते, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही आणि रंगही धरत नाही. अंगठ्याने वंगण बाजूला करून त्याने चाचपले आणि मान हलवली. दुसरी गाडी, तिसरी गाडी. पाचव्या गाडीशी तो थांबला.

"ही माझी. तीन खाचा, मधली आडवी. माझ्या आज्यापास्नं हाय ही खूण. गाडी दुरुस्तीला आली की कळावं कुनाच्या हातची." आठवीपाशी तो पुन्हा थांबला. "ही बी."

पंचांनी वंगण पुसून कंदील धरला. तीन खाचा, मधली आडवी. दोन्ही गाड्यांच्या चारही चाकांना. बाकीच्या सात गाड्यांना काहीच नव्हते. मेहुण्याचा चेहरा उतरला. मी सुतारअप्पाच्या पाठीवर थाप मारली. परतताना अक्का प्रथमच माझ्याशी बोलली. "दिवाळीच्या आत हुईल न्हवं सायब?" मी छाती पुढे काढून होय म्हणालो.

तो माझा दुसरा शब्द.

गाड्या पुन्हा ठाण्याच्या आवारात आल्या, पण आता त्या नुसत्या जप्तीच्या गाड्या राहिल्या नव्हत्या. फौजदारी खटल्याचा मुद्देमाल झाल्या होत्या. खटला चालू असेपर्यंत मुद्देमाल विकता येत नाही. शिवाय मेहुण्याने दिवाणी कोर्टात हरकतीचा अर्ज टाकला, की गाड्या आपल्या आहेत, त्यांचा लिलाव थांबवावा. म्हणजे मी जी मर्दुमकी गाजवून गाड्या शोधून आणल्या, तिच्यामुळेच त्यांच्यावर दोन कुलुपे पडली. अर्ज केले, स्वतः जाऊन उभा राहिलो. दोन्ही कोर्टांनी कायद्यातले तेवढेच केले, आणि कायद्यात दिवाळी नव्हती. बैलांबद्दल मुंबई राज्याच्या पोलिसांना पत्र गेले. पाच महिन्यांनी उत्तर आले, तपास लागत नाही.

दिवाळी आली आणि गेली. थंडी सरता सरता सुतारअप्पाचा दुसरा डोळाही मिटला. तो दिवस नेमका कुठला, हे कोणालाच सांगता येणार नाही, त्यालासुद्धा. अक्का म्हणाली, एका सकाळी त्यांनी विचारलं, अजून उजाडलं न्हाई व्हय?

प्रकरण मिटायला दोन वर्षे गेली. त्या काळात गाड्यांवर दोन पावसाळे पडले. आवारात छप्पर नव्हते, आणि मुद्देमालासाठी छप्पर बांधायला मंजुरी नव्हती. माल ठेवायचे साटे कुजले, चाकांचे आरे निखळले, धावा सैल होऊन गंजल्या. फौजदारी कोर्टात मुकादमाला दंड झाला, तो गुत्तेदाराने भरला. गाडीवानाला एक महिना कैद झाली, कारण खरे बोलून त्याने आपला गुन्हा कबूल केला होता. गुत्तेदाराविरुद्ध पुरावा नव्हता, तो तर सोलापुरात होता. माझी खात्याने चौकशी केली आणि एक वेतनवाढ रोखली. ती पुढल्या वर्षी परत सुरू झाली.

मेहुण्याची हरकत फेटाळली गेली, आणि तीसुद्धा त्या तीन खाचांच्या बळावर. एकदाचा लिलाव पुकारला. गुत्तेदाराच्या धाकाने बोली करायला कोणी येईना. शेवटी एका भंगारवाल्याने धावांच्या लोखंडापुरती बोली दिली. हालीचा कलदार, म्हणजे भारत सरकारचा रुपया, करताना, कोर्टाची फी आणि खर्च वजा जाता, बाराशेच्या डिक्रीपोटी सुतारअप्पाच्या वाट्याला त्र्याऐंशी रुपये आले. उरलेल्या रकमेच्या वसुलीची दरखास्त पुन्हा करता येते, असे कारकुनाने त्याला समजावून सांगितले.

माझ्या बदलीचा हुकूम आला होता, तरी त्या दिवशी मी कोर्टात गेलो. सुतारअप्पा व्हरांड्यात अक्काच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. बगलेत ते टिनाचे नळकांडे. पावतीवर अंगठा हवा होता, आणि जागा कुठे ते त्याला दिसत नव्हते. मी पुढे होऊन त्याचा हात धरला. त्याने हात लगेच ओळखला.

"साहेब व्हय? बरं झालं आलाव."

वंगणाखालची खाच शोधणारा तोच अंगठा. तो मी शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. नंतर त्याने नळकांड्यातली डिक्री काढली आणि कारकुनाकडून पावतीची नक्कल मागून घेतली. मग पायरीवर टेकून, दोन्ही कागद मांडीवर ठेवून त्यांवरून तो सावकाश अंगठा फिरवत बसला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, चाक तपासावे तसा. अक्का रुपये मोजत नव्हती, नुसती मुठीत धरून उभी होती. ती मला काही बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर फार बरे झाले असते.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात. साधेच शिकवले. पुढच्या सगळ्या नोकरीत मुचलक्याशिवाय मी कोणाची शेळीसुद्धा सोडली नाही. लोक मला कागदी फौजदार म्हणत. म्हणोत बापडे. गावाचा शब्द खोटा नव्हता, पाटील खोटा नव्हता, त्या पाच म्हाताऱ्यांपैकी एकही खोटा नव्हता. पण भल्या माणसांच्या शब्दाआड लपूनच लबाड माणूस निसटतो, आणि तो निसटू नये म्हणून भल्यांकडे कागद मागायचा असतो. त्याची लाज वाटणाऱ्याने वर्दी घालू नये. मला दहा मिनिटे लाज वाटली. त्या दहा मिनिटांत एका माणसाचा डोळा गेला. हे शहाणपण मी त्याच्या खर्चाने शिकलो आणि ते देणे माझ्याकडे अजून बाकी आहे. त्याची डिक्री कुठल्या कोर्टात झाली नाही एवढेच.

त्या दिवशी व्हरांड्यात मी निरोप घ्यायला वाकलो, तेव्हा सुतारअप्पाचा अंगठा अजून त्या कागदांवरच होता.

"साहेब," तो म्हणाला, "ह्यावर हाताला कायच लागंना की."